हलक्या विमानांचे वजन व संतुलन

हलक्या विमानांचे वजन व संतुलन म्हणजे विमानाचे प्रत्यक्ष वजन करून त्याचा गुरुत्वमध्य निश्चित करण्याची आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी माणसे, सामान व इंधन यांच्यासह तो ठरलेल्या मर्यादेत राहतो की नाही हे गणिताने पडताळण्याची पद्धत होय. विमानाचे एकूण वजन मर्यादेत असणे आवश्यक असते, परंतु पुरेसे नसते. तेच वजन विमानात कोणत्या ठिकाणी आहे यावर त्याचे स्थैर्य आणि नियंत्रण अवलंबून असते. त्यामुळे वजन आणि संतुलन या दोन स्वतंत्र कसोट्या मानल्या जातात आणि दोन्ही पूर्ण झाल्याखेरीज विमान उड्डाणास योग्य ठरत नाही. शास्त्रीय दृष्ट्या येथे मोजली जाणारी राशी वस्तुमान आहे. मात्र विमान व्यवसायात ‘वजन’ हाच शब्द रूढ आहे आणि ते किलोग्रॅम किंवा पौंडात सांगितले जाते.

संज्ञा

रिकामे वजन: विमानाचा सांगाडा, इंजिन, कायम बसवलेली उपकरणे, टाकीतून काढता न येणारे इंधन आणि इतर आवश्यक द्रव यांचे मिळून वजन. आधुनिक विमानांत इंजिनातील संपूर्ण तेल यात धरतात. काही जुन्या विमानांत केवळ न निघणारे तेल धरले जाते.

कमाल उड्डाण वजन: उत्पादकाने प्रमाणित केलेले, उड्डाणाच्या वेळचे सर्वाधिक वजन.

उपयुक्त भार: कमाल वजनातून रिकामे वजन वजा केल्यावर उरणारा भार. वैमानिक, प्रवासी, सामान व वापरता येणारे इंधन हे सर्व यातच बसवावे लागते.

डेटम: सर्व अंतरे जिथून मोजायची ते उत्पादकाने ठरवलेले उभे काल्पनिक प्रतल. सेसना १५२ आणि सेसना १७२ या विमानांत ते इंजिन व केबिन यांमधील अग्निरोधक भिंतीच्या, म्हणजे फायरवॉलच्या, पुढील पृष्ठावर मानले आहे.

भुजा: डेटमपासून एखाद्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे आडवे अंतर. डेटमच्या मागे ते धन आणि पुढे ऋण धरतात.

परिबल: वजन आणि भुजा यांचा गुणाकार.

संतुलनामागील तत्त्व

दोन चाकांच्या बैलगाडीत हे तत्त्व सहज दिसते. हदगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यात कापूस किंवा ऊस गाडीत भरताना भार आसाच्या फार पुढे गेला, तर तो बैलांच्या मानेवर येतो. फार मागे गेला, तर जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळ होते. दोन्ही वेळा गाडीवरील माल तेवढाच असतो, फरक फक्त जागेचा असतो. गाडीला आसाचा टेकू असतो. हवेतील विमानाला असा टेकू नसतो, म्हणून ते आपल्या गुरुत्वमध्याभोवतीच वळते.

नेहमीच्या रचनेच्या विमानात पंखांवरील उत्थापन बल गुरुत्वमध्याच्या मागे कार्य करते आणि त्यामुळे विमानाचे नाक खाली झुकू पाहते. शेपटीचा आडवा पंख खालच्या दिशेने बल देऊन ते सावरतो. गुरुत्वमध्य जितका पुढे, तितके शेपटीचे हे बल अधिक लागते. हा जादा भार पंखांनाच पेलावा लागत असल्यामुळे विमान ज्या वेगाला उत्थापन गमावते तो वेग, म्हणजे स्टॉल वेग, वाढतो. शिवाय उतरताना वेग कमी झाल्यावर नाक वर उचलण्याइतकी शक्ती एलिव्हेटरमध्ये उरत नाही आणि पुढचे चाक धावपट्टीवर आदळू शकते.

गुरुत्वमध्य मर्यादेपेक्षा मागे जाणे याहून धोकादायक असते. अशा वेळी विमानाचे स्थैर्य घटते. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले, तर ते आपोआप पूर्वस्थितीला येत नाही. नियंत्रक दांडा अतिशय हलका लागतो. विमान स्टॉल झाल्यास नाक खाली आणणे कठीण जाते आणि गिरकी सुरू झाल्यास ती थांबवणे अशक्यही होऊ शकते.

एकूण वजन वाढल्याचे परिणाम वेगळे असतात. स्टॉल वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन १० टक्क्यांनी वाढले तर तो सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. उड्डाणासाठी लागणारी धाव मात्र त्याच वाढीने सुमारे २० टक्क्यांनी लांबते आणि वर चढण्याचा वेग घटतो.

वजन करण्याची पद्धत

विमानाचे वजन बंद हँगरमध्ये, दारे मिटवून आणि पंखे थांबवून केले जाते. पंखांवरून हलका वारा वाहिला, तरी थोडे उत्थापन निर्माण होऊन काटा कमी वजन दाखवतो. विमान आधी धुऊन कोरडे करतात, कारण पोटाच्या आतील चिखल, धूळ आणि पाणी यांचेही वजन होते. केबिनमधील सुटे सामान बाहेर काढून उपकरणांची यादी प्रत्यक्ष उपकरणांशी ताडून पाहतात. उत्पादकाच्या सूचनेनुसार इंधन काढून टाकतात, फ्लॅप मिटवतात आणि आसने ठरलेल्या जागी सरकवतात.

हलक्या विमानासाठी बहुधा तीन इलेक्ट्रॉनिक काटे वापरतात, प्रत्येक चाकाखाली एक. काही विमाने जॅकवर उचलून जॅकच्या टोकाशी बसवलेल्या लोड सेलने मोजली जातात. काटे अंशांकन केलेले असावे लागतात. विमान काट्यांवर चढवल्यावर ब्रेक मोकळे ठेवतात. ते आवळलेले राहिल्यास चाकांवर आडवा ताण येऊन आकडे चुकतात. चाके घरंगळू नयेत म्हणून लावलेल्या अडणींचे वजन मिळालेल्या आकड्यातून वजा करतात.

यानंतरची पायरी विमान समतल करण्याची असते. विमान पुढे-मागे कलले तर गुरुत्वमध्य जमिनीवरील मोजमापाच्या तुलनेत सरकतो आणि चाकांवरील भाराची विभागणीही बदलते. सेसना १७२ मध्ये शेपटीच्या भागाच्या डाव्या बाजूस यासाठी खास स्क्रू असतात. त्यांवर पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पुढच्या चाकातील किंवा त्याच्या आधारदांड्यातील हवा कमी-जास्त करतात. मग डेटमपासून आणि चाकांच्या आसांपासून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा करतात आणि त्यांमधील अंतरे मोजतात. गवंडी भिंतीसाठी वापरतो तीच ही दोन साधने विमानाच्या मोजणीतही निर्णायक ठरतात.

काट्यांवरील आकडे एकदा घेऊन काम थांबत नाही. विमान खाली उतरवून पुन्हा चढवतात आणि दोन्ही वेळचे आकडे जुळतात का ते पाहतात.

रिकाम्या विमानाच्या गुरुत्वमध्याचे गणन

खालील आकडे सेसना १७२ च्या प्रकारातील चार आसनी विमानाशी मिळतेजुळते असून केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. कोणत्याही विमानाचे प्रत्यक्ष गणन त्याच्या स्वतःच्या दप्तरातील आकड्यांवरूनच करावे लागते.

समजा, डाव्या चाकावर २३७ किग्रॅ, उजव्या चाकावर २३३ किग्रॅ आणि पुढच्या चाकावर १९० किग्रॅ भार आढळला. मुख्य चाके डेटमच्या १४७ सेंमी मागे आणि पुढचे चाक डेटमच्या १८ सेंमी पुढे आहे.

एकूण वजन: २३७ + २३३ + १९० = ६६० किग्रॅ
मुख्य चाकांचे परिबल: ४७० × १४७ = ६९,०९०
पुढच्या चाकाचे परिबल: १९० × (−१८) = −३,४२०
एकूण परिबल: ६५,६७० किग्रॅ-सेंमी
गुरुत्वमध्य: ६५,६७० ÷ ६६० = ९९.५ सेंमी

म्हणजे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य डेटमच्या ९९.५ सेंमी मागे आहे. वजन करताना इंधन पूर्णपणे काढले असेल, तर वापरता न येणाऱ्या इंधनाचे वजन व परिबल यांत नंतर मिळवावे लागते. वरील आकड्यांत ते धरले आहे असे मानू.

उड्डाणापूर्वीचे गणन

याच विमानाचे कमाल वजन १,०४३ किग्रॅ आहे असे समजू. गुरुत्वमध्याची मागील मर्यादा १२० सेंमी आहे. पुढील मर्यादा ८८५ किग्रॅपर्यंत ८९ सेंमी असून तेथून वजनाबरोबर वाढत कमाल वजनाला ९८ सेंमी होते. पुढील आसनांची भुजा ९४ सेंमी, मागील आसनांची १८५ सेंमी, इंधनाची १२२ सेंमी आणि सामानाच्या कप्प्याची २४१ सेंमी आहे. विमानाच्या पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे ०.७२ किग्रॅ असते.

पहिले उदाहरण प्रशिक्षण उड्डाणाचे आहे. पुढे प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी मिळून १५० किग्रॅ आणि टाक्यांत १५० लिटर, म्हणजे १०८ किग्रॅ इंधन असेल, तर एकूण वजन ९१८ किग्रॅ, परिबल ९२,९४६ आणि गुरुत्वमध्य १०१.२ सेंमी येतो. विमान दोन्ही कसोट्यांत बसते. सर्व इंधन संपले असे धरल्यास गुरुत्वमध्य ९८.५ सेंमीवर, म्हणजे पुढे सरकतो. म्हणूनच हे गणन उड्डाणासाठी आणि उतरण्यासाठी असे दोनदा करतात.

दुसऱ्या उदाहरणात तेवढेच इंधन आणि प्रत्येकी ७५ किग्रॅचे चार प्रौढ आहेत. एकूण वजन १,०६८ किग्रॅ होते. कप्प्यात एकही पिशवी नसताना विमान मर्यादेपेक्षा २५ किग्रॅने जड ठरते. चार आसने आहेत याचा अर्थ भरलेल्या टाक्यांसह चार माणसे नेता येतात असा होत नाही.

तिसऱ्या उदाहरणात वैमानिक पुढे एकटा बसला असून दोन प्रवासी मागे बसले आहेत.

भार | वजन (किग्रॅ) | भुजा (सेंमी) | परिबल (किग्रॅ-सेंमी)
रिकामे विमान | ६६० | ९९.५ | ६५,६७०
वैमानिक | ७५ | ९४ | ७,०५०
मागील दोन प्रवासी | १५० | १८५ | २७,७५०
सामान | ५४ | २४१ | १३,०१४
इंधन (१०० लिटर) | ७२ | १२२ | ८,७८४
एकूण | १,०११ | १२०.९ | १,२२,२६८

वजन कमाल मर्यादेहून ३२ किग्रॅने कमी आहे, तरीही गुरुत्वमध्य मागील मर्यादेच्या बाहेर गेला आहे. केवळ काट्यावरचा आकडा पाहणाऱ्यास हे विमान सुरक्षित वाटेल. मागील प्रवाशांपैकी एकाला पुढच्या आसनावर बसवले, तर ७५ किग्रॅ भार ९१ सेंमी पुढे सरकतो, परिबल ६,८२५ ने घटते आणि गुरुत्वमध्य ११४.२ सेंमीवर येतो. विमानातून काहीही न उतरवता ते संतुलनात येते.

हे गणन आकडेमोडीने, उत्पादकाच्या आलेखावरून किंवा संगणकीय साधनाने करता येते. मोठ्या विमानांत गुरुत्वमध्य लांबीऐवजी पंखाच्या सरासरी रुंदीच्या टक्केवारीत सांगतात. डाव्या-उजव्या बाजूंचे संतुलनही महत्त्वाचे असते, मात्र हलक्या विमानांत ते बहुधा दोन्ही पंखांतील इंधन समान ठेवून साधले जाते.

एककांची सरमिसळ हा चुकीचा नेहमीचा मार्ग आहे. अमेरिकी बनावटीच्या विमानांच्या पुस्तिकांत आकडे पौंड, इंच व गॅलन यांत असतात, तर भारतात इंधन लिटरमध्ये आणि माणसांचे वजन किलोग्रॅममध्ये मोजले जाते. एक पौंड ०.४५३६ किग्रॅ आणि अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटर असतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन हवेत संपले, त्यामागे पौंड व किलोग्रॅम यांची अशीच गल्लत होती.

तापमान, उंची आणि भार

पुस्तिकेतील कमाल वजन ही रचनेची मर्यादा असते. एखाद्या दिवशी, एखाद्या धावपट्टीवरून तेवढे वजन घेऊन उडता येईलच असे नाही. हवा तापली की विरळ होते. पंखांचे उत्थापन, प्रॉपेलरचा जोर आणि इंजिनाची शक्ती तिन्ही घटतात. हवेची ही विरळता प्रमाण वातावरणातील ज्या उंचीशी जुळते तिला घनता-उंची म्हणतात. प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक अंश सेल्सिअस वाढीसाठी ती सुमारे १२० फुटांनी वाढते.

मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा घटक महत्त्वाचा ठरतो. हदगाव तालुक्याला सर्वांत जवळ असलेला नांदेडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३८० मीटर उंचीवर आहे. या उंचीचे प्रमाण तापमान सुमारे १२.५ अंश असते. हवेचा दाब सर्वसाधारण असून तापमान ४२ अंशांवर गेले, तर घनता-उंची सुमारे ४,८०० फूट, म्हणजे १,४६० मीटर होते. लातूरचा विमानतळ सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. तेथे ४० अंश तापमानात ती सुमारे ५,५७० फूट, म्हणजे १,७०० मीटर भरते. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे अशा दुपारी लातूरच्या धावपट्टीवरील विमानाला प्रमाण वातावरणात कळसूबाईच्या माथ्यावर असेल त्याहून विरळ हवेत उड्डाण करावे लागते. त्यामुळे उन्हाळ्यात इंधन किंवा सामान कमी घेणे, अथवा पहाटेच्या थंड हवेत उड्डाण करणे, हे उपाय योजले जातात.

दप्तर आणि पुनर्वजन

भारतात हा विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतो. महासंचालनालयाच्या नागरी विमान वाहतूक आवश्यकतांमध्ये विमानाच्या उड्डाणयोग्यतेसंबंधीच्या दुसऱ्या विभागात वजन व संतुलनाचे नियम आहेत. वजनातून मिळालेले आकडे ‘वेट शेड्यूल’ या नावाच्या पत्रकात नोंदवले जातात आणि पुढील प्रत्येक उड्डाणाचे गणन त्यांपासून सुरू होते.

विमान जुने होत जाते तसे त्याचे वजन बहुधा वाढते. नवा रंग, दुरुस्तीचे पत्रे, नवी उपकरणे आणि सांदीकोपऱ्यांत साठलेली धूळ यांचा तो परिणाम असतो. लहान बदलांची नोंद गणिताने करता येते. वरील उदाहरणातील विमानाच्या शेपटीत, डेटमच्या ३०० सेंमी मागे, २ किग्रॅचे उपकरण बसवल्यास रिकामे वजन ६६२ किग्रॅ आणि परिबल ६६,२७० होऊन गुरुत्वमध्य १००.१ सेंमीवर जातो. दोन किलोग्रॅमने तो ०.६ सेंमी सरकतो. असे अनेक बदल साठत गेले की कागद आणि प्रत्यक्ष विमान यांत अंतर पडते. ते दूर करण्यासाठी विमान पुन्हा काट्यावर चढवावे लागते. मोठी दुरुस्ती किंवा संपूर्ण रंगकाम झाल्यावरही पुनर्वजनाची गरज भासते.

इतिहास

जर्मनीचे ओटो लिलिएंथाल आपल्या ग्लायडरचे नियंत्रण शरीराचा भार पुढे-मागे सरकवून करीत. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचे ग्लायडर कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात वैमानिक मध्यरेषेच्या डावीकडे पालथा झोपत असे आणि इंजिन उजवीकडे होते. इंजिन वैमानिकाहून जड असल्यामुळे उजवा पंख डाव्याहून सुमारे चार इंच लांब ठेवला होता.

महाराष्ट्रात हलक्या विमानांचे उड्डाण मुंबईच्या जुहू येथे रुजले. तेथील बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये सुरू झाला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी एक इंजिनाच्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. पुढे बारामती, गोंदियाजवळील बिरसी आणि धुळ्याजवळील गोंदूर येथे वैमानिक प्रशिक्षणाची केंद्रे उभी राहिली.

अपघातांमधील भूमिका

२५ ऑगस्ट २००१ रोजी बहामा बेटांवरील मार्श हार्बर येथून निघालेले सेसना ४०२ विमान उड्डाण करताच कोसळले आणि गायिका आलिया हिच्यासह नऊजण मृत्युमुखी पडले. विमानात कमाल मर्यादेपेक्षा अधिक भार होता आणि गुरुत्वमध्यही मागे गेला होता, असे तपासात आढळले. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे बीचक्राफ्ट १९०० विमानाच्या अपघातात विमानातील सर्व २१ जणांचा मृत्यू झाला. एलिव्हेटरच्या तारेची चुकीची जुळणी हे त्यामागील प्रमुख कारण होते; मागे गेलेल्या गुरुत्वमध्याने तिचा परिणाम गंभीर केला. प्रवाशांचे गृहीत धरलेले सरासरी वजन प्रत्यक्षाहून कमी होते आणि या अपघातानंतर अमेरिकेत ते आकडे वाढवण्यात आले.

मोठ्या विमानात शेकडो प्रवाशांमुळे सरासरीतील चूक बऱ्याच अंशी भरून निघते. चार आसनी विमानात एका जड प्रवाशानेही गणन बदलते. त्यामुळे हलक्या विमानात माणसांचे आणि सामानाचे प्रत्यक्ष वजन घेणे इष्ट मानले जाते. काट्यावरील मोजणी आणि वेट शेड्यूल हे अभियंत्याचे काम असले, तरी त्या दिवशीचा भार मर्यादेत आहे याची खातरजमा करण्याची अंतिम जबाबदारी विमानाच्या मुख्य वैमानिकावर असते.